दूधशाळेचे सांडपाणी आणि मिथेन वायू

चंदीगड हे नगर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये वसविलेले आहे. अशा ओढ्याला तेथील लोक 'चो' म्हणतात. पूर्वेकडील सुखना चोवर १९५८ साली बांध घालून सुखना तलाव निर्माण करण्यात आला. पश्चिमेकडून पटियाली की राव हा चो वाहतो. पावसाळ्यात हे चो दुथडी भरतात, पण वर्षाचे उरलेले महिने त्यांच्या पात्रांत स्वतःचे असे पाणी फारसे नसते. सुखना चो पुढे घग्गर नदीला मिळतो आणि घग्गरही मूळची पावसाळी नदीच आहे. नदीत बारमाही प्रवाह असला, तर थोडी घाण त्यात मिसळून विरळ होते. ज्या पात्रात पाणीच नाही, त्यात सोडलेले सांडपाणी हेच नदीचे पाणी बनते. उत्तर भारताच्या या पट्ट्यात कारखान्याच्या सांडपाण्याचा प्रश्न विशेष निकडीचा का, हे यावरून ध्यानात येईल.

हाच पट्टा दुधासाठी प्रसिद्ध आहे. अमृतसरजवळच्या वेरका या गावाचे नाव पंजाबच्या सहकारी दुधाला मिळाले. पंजाबचा राज्य सहकारी दूध महासंघ, म्हणजेच 'मिल्कफेड', १९७३ साली स्थापन झाला. चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत त्याचा मोठा दूध प्रकल्प आहे. दक्षिणेस कर्नाल येथे १९५५ पासून राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेचे मुख्य ठाणे आहे. म्हणून दूधशाळेच्या सांडपाण्यापासून जळाऊ वायू कसा मिळतो, त्यापासून किती लाभ होतो आणि त्याला मर्यादा कोणत्या, हे पाहण्यासाठी चंदीगडचा परिसर सोयीचा आहे. महाराष्ट्रातील दूधसंघांनाही हा विचार तितकाच लागू पडतो. मात्र चंदीगडच्या हिवाळ्यामुळे प्रश्नाची एक अवघड बाजू तेथे अधिक स्पष्ट दिसते.

दूध सांडते म्हणजे काय होते?

दूधशाळेत दुधाचे कॅन, टाक्या, नळ, पाश्चरीकरणाची यंत्रे आणि पिशव्या भरण्याची यंत्रे दररोज धुवावी लागतात. प्रथम साधे पाणी, मग कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण, मग पुन्हा पाणी, मग नायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण आणि शेवटी स्वच्छ पाणी असा हा क्रम असतो. यंत्राच्या आतल्या भागाला चिकटून राहिलेले दूध या पाण्याबरोबर गटारात जाते. भरताना फुटलेल्या पिशव्या, गळणारे पंप आणि तूप-लोणी विभागातील चिकट धुवण यांचीही त्यात भर पडते. भारतातील पर्यावरण-संरक्षण नियमांनी दूधशाळेसाठी दर लीटर दुधामागे तीन लीटरपर्यंत सांडपाण्याची मर्यादा घालून दिली आहे. याचा अर्थ असा की, दूधशाळा ही जितकी दुधाची तितकीच पाण्याचीही गिरणी असते.

हे पाणी दिसायला पांढुरके व निरुपद्रवी असते. त्यात विष नसते, जड धातू नसतात. मग त्याचा त्रास का व्हावा? याचे उत्तर दुधाच्या पौष्टिकपणातच आहे. जे माणसाला पोसते ते जिवाणूंनाही पोसते. दूध पाण्यात मिसळताच जिवाणू त्यावर तुटून पडतात, झपाट्याने वाढतात आणि वाढताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. ही ऑक्सिजनची भूक मोजण्याच्या मापाला जैव ऑक्सिजन मागणी असे म्हणतात. एक लीटर दुधाची ही मागणी सुमारे १०० ग्रॅम असते. उन्हाळ्याच्या सुमारास नदीच्या स्वच्छ पाण्यात लीटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला असतो. तेव्हा साधा भागाकार केला, तर एक लीटर दूध सुमारे साडेबारा हजार लीटर पाण्यातील सर्व ऑक्सिजन संपवू शकते, असे दिसून येते. ऑक्सिजन संपला की मासे गुदमरतात, पाणी काळे पडते आणि सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. माणसामागे दररोज जेवढी घाण मैलापाण्यात जाते, तिच्याशी तुलना केली तर एक लीटर दूध दोन माणसांच्या एका दिवसाच्या मैलापाण्याइतका भार नदीवर टाकते.

ऑक्सिजनवाचून जगणारे जीव

या घाणीची विल्हेवाट लावण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात टाकीतील पाण्यात यंत्राने हवा फुंकून जिवाणूंना मुबलक ऑक्सिजन पुरविला जातो. जिवाणू घाण खातात, पण त्यासाठी वीज जाळावी लागते आणि खाल्लेल्या अन्नाचा जवळजवळ अर्धा भाग नव्या जिवाणूंच्या रूपाने गाळ म्हणून शिल्लक राहतो. त्या गाळाची पुन्हा वेगळी व्यवस्था लावावी लागते.

दुसरा मार्ग हवा वर्ज्य करण्याचा. दलदलीच्या तळाशी, गुरांच्या कोठ्यात आणि बंद खड्ड्यात निसर्ग हेच काम ऑक्सिजनवाचून करीत असतो. इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे आलेस्सान्द्रो व्होल्टा याने १७७६ साली गोळा केले व ते पेट घेतात असे दाखविले. तो वायू म्हणजे मिथेन. आपल्याकडे मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून निघणारा वायू १८९७ साली उपयोगात आणला गेला होता. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तयार केलेला तरंगत्या टोपीचा गोबर गॅस संच खादी व ग्रामोद्योग आयोगाने खेडोपाडी नेला. महाराष्ट्रातील अनेक वाड्या-वस्त्यांवर तो आजही ओळखीचा आहे.

या पचनाची रीत टप्प्याटप्प्याची आहे. पहिल्या टप्प्यात काही जिवाणू मेद, प्रथिने व दुग्धशर्करा यांच्या मोठ्या रेणूंचे लहान तुकडे करतात. दुसऱ्यात त्या तुकड्यांपासून आम्ले बनतात. तिसऱ्यात त्या आम्लांचे रूपांतर मुख्यत्वे ॲसेटिक आम्लात, हायड्रोजनमध्ये आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये होते. शेवटच्या टप्प्यात मिथेनकारक सूक्ष्मजीव यांपासून मिथेन तयार करतात. पूर्वी यांना जिवाणूच समजत; आता ते आर्किया नावाच्या अगदी वेगळ्या कुळातले मानले जातात. हे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात, आम्लता त्यांना सोसत नाही, थंडी त्यांना मानवत नाही आणि हवेचा स्पर्श तर त्यांना घातक ठरतो. आम्ल बनविणारे घाईचे आणि मिथेन बनविणारे सावकाशीचे. या दोघांची चाल जुळविणे हेच संच चालविण्याचे सारे कसब होय.

गोबर गॅसची टाकी येथे का चालत नाही?

शेतकऱ्याच्या गोबर गॅस टाकीत शेणाचा काला सुमारे चाळीस दिवस राहतो. एक लाख लीटर दूध हाताळणारी एक दूधशाळा कल्पू या. तिच्यातून दररोज २०० घनमीटर सांडपाणी निघते असे धरले, तर चाळीस दिवसांसाठी ८,००० घनमीटरची टाकी बांधावी लागेल. एवढा खर्च कोणीही करणार नाही. शेण दाट असते, दूधशाळेचे पाणी पातळ असते. म्हणून पाणी लवकर बाहेर सोडणे पण सूक्ष्मजीवांना मात्र आत रोखून धरणे आवश्यक ठरते.

ही युक्ती नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे खाट्से लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सिद्ध केली. सांडपाणी टाकीच्या तळातून हळूहळू वर चढते. वाटेत त्याला सूक्ष्मजीवांच्या गाळाचा जाड थर लागतो. हे सूक्ष्मजीव एकमेकांना बिलगून मोहरी-बाजरीच्या दाण्यांएवढे कण बनवितात. कण जड असल्याने ते प्रवाहाबरोबर वाहून जात नाहीत. वरच्या टोकाला छपरासारख्या आडव्या पत्र्यांची रचना असते. तेथे वायू एका बाजूने निघतो, पाणी दुसऱ्या बाजूने आणि गाळ पुन्हा खाली घसरतो. या टाकीला ऊर्ध्वप्रवाही गाळथर टाकी म्हणता येईल. भारतात गंगा कृती योजनेखाली कानपूरच्या जाजमऊ येथे १९८९ साली रोज ५० लाख लीटर मैलापाण्यासाठी अशी टाकी चालू झाली. पुढे यमुना कृती योजनेत हरियाणातील अनेक नगरांनी हीच पद्धत स्वीकारली. ऊबदार पाण्यात या टाकीच्या एका घनमीटरावर दररोज सुमारे ५ किलो ऑक्सिजन-मागणीचा भार टाकता येतो. त्यामुळे आपल्या कल्पित दूधशाळेला ८,००० ऐवजी केवळ ८० घनमीटरची टाकी पुरते.

हिशेब

आता वायूचा हिशेब मांडून पाहू. त्या २०० घनमीटर पाण्यात दर घनमीटरला २ किलो रासायनिक ऑक्सिजन-मागणी आहे असे समजू. एकूण मागणी ४०० किलो झाली. एका लीटर दुधाची अशी मागणी सुमारे २२० ग्रॅम असते. म्हणजे रोज सुमारे १,८०० लीटर दूध, शेकडा दोन टक्क्यांच्या आतबाहेर, गटारात जात आहे असा याचा अर्थ. टाकीने या घाणीपैकी ८० टक्के पचविली, तर ३२० किलोचा निकाल लागला. एक किलो मागणी नाहीशी झाली की प्रमाणित तापमान व दाबाला जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. त्याप्रमाणे ११२ घनमीटर हवा. परंतु काही मिथेन पाण्यात विरघळून जातो व काही अन्न सूक्ष्मजीवांच्या वाढीला लागते. म्हणून हाती ९० घनमीटर येतो असे धरावे. कच्च्या वायूत मिथेनचे प्रमाण ६५ टक्के असल्यास हा सुमारे १४० घनमीटर वायू झाला.

या ९० घनमीटर मिथेनमध्ये सुमारे ३,२०० मेगाजूल उष्णता असते. स्वयंपाकाच्या गॅसच्या भाषेत सांगावयाचे तर ती १४.२ किलोच्या पाच नळकांड्यांएवढी होते. एक लाख लीटर दूध ४ अंशांपासून ७२ अंशांपर्यंत तापवावयाचे, पण तापलेल्या दुधाची ९० टक्के उष्णता येणाऱ्या थंड दुधाला परत द्यावयाची, अशी आजच्या यंत्रांची रीत असते. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी सुमारे २,६५० मेगाजूल लागतात. बाष्पकातील तूट वजा केली तर आपला वायू या गरजेच्या जवळपास पोहोचतो. थोडक्यात, दूधशाळा जे दूध सांडते, त्याच्या बळावर ती उरलेले दूध बहुतांशी पाश्चरीकृत करू शकते. मात्र दुधाची भुकटी करावयाची असेल तर हे बळ तोकडे पडते. कारण हजार लीटर दुधातून सुमारे ८७० किलो पाणी उडवावे लागते आणि त्याला लागणारी उष्णता या वायूच्या आवाक्याबाहेर जाते.

वायूइतकीच मोलाची दुसरी बाब बहुधा दुर्लक्षित राहते. तीच ३२० किलोची घाण हवा फुंकून नाहीशी करावयाची असती, तर रोज अंदाजे दीडशे ते तीनशे युनिट वीज खर्ची पडली असती. ही वीज वाचते आणि गाळही पुष्कळ कमी निघतो. म्हणून अशा संचाचा लाभ केवळ मिळालेल्या वायूवरून मोजू नये. न केलेल्या खर्चावरूनही तो मोजला पाहिजे.

थंडीची अडचण

चंदीगडमध्ये जानेवारीच्या रात्री तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. मिथेनकारक सूक्ष्मजीवांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब हवी असते. २० अंशांखाली त्यांचे काम फारच मंदावते. मग तयार झालेला वायू जाळून पाणीच का तापवू नये, असा प्रश्न वाचकाला सहज सुचेल. त्याचे उत्तर पुन्हा आकड्यांतच आहे. २०० घनमीटर पाणी एका अंशाने तापविण्यास सुमारे ८४० मेगाजूल लागतात. दिवसाचा सगळा वायू जाळला तरी पाणी चार अंशांनीही तापणार नाही. पातळ सांडपाण्याला स्वतःच्या वायूवर ऊब देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

यातून सुटण्याची वाट पाण्याच्या काटकसरीत आहे. कॅन व टाक्या धुतानाचे पहिले पाणी दुधाने सर्वांत दाट असते. ते शीतयंत्राच्या व फरशीच्या विरळ पाण्यात न मिसळता वेगळे काढावे. समजा, ४०० पैकी ३०० किलो मागणी अशा २० घनमीटर दाट पाण्यात गोळा झाली. त्या पाण्याला दहा अंश तापविण्यास सुमारे ८४० मेगाजूल लागतील आणि त्याच्यापासून मिळणाऱ्या वायूत सुमारे २,४०० मेगाजूल असतील. आता व्यवहार फायद्याचा झाला. शिवाय सोड्याच्या द्रावणाचे पाणी मुळातच गरम असते. त्याची ऊब गटारात न दवडता अदलाबदलीच्या नळ्यांतून टाकीला देता येते. टाकीला मातीचा किंवा उष्णतारोधक अस्तराचा वेढा द्यावा आणि हिवाळ्यातील मंद गतीचा विचार करून तिचे आकारमान उन्हाळ्याच्या गरजेहून दुप्पट धरावे, हेही शहाणपणाचे ठरते.

टाकी का आजारी पडते?

दूधशाळेच्या पाण्यात आणखी तीन दोष असतात. पहिला दोष दुग्धशर्करेचा. ती फार लवकर आंबते. एकदम भार वाढला तर आम्ले साचतात, टाकीतील पाणी आंबट होते आणि मिथेनकारक सूक्ष्मजीव निकामी होतात. मग टाकी सावरण्यास कित्येक आठवडे लागतात. दुसरा दोष मेदाचा. तुपाचा अंश गाळाच्या कणांना लपेटतो, त्यांना हलके करतो आणि ते पाण्याबरोबर वाहून जातात. मेदापासून बनणारी लांब साखळीची आम्ले सूक्ष्मजीवांना अपायही करतात. तिसरा दोष धुण्याच्या रसायनांचा. सकाळी सोडा व दुपारी आम्ल टाकीत गेले, तर कोणताही जीव टिकणार नाही.

यांवरचे उपाय साधेच आहेत, पण ते नेमाने करावे लागतात. मेदासाठी आधी सापळा किंवा हवेच्या बुडबुड्यांवर मेद तरंगविणारी टाकी ठेवावी. त्यानंतर एक समतोल टाकी असावी. तीत सोडा व आम्ल परस्परांना मारक ठरतात आणि दिवसभराचा भार सारखा होतो. पाण्याची आम्लता रोज मोजावी. निघणाऱ्या वायूचे प्रमाण घटले तर आत येणारे पाणी तत्काळ कमी करावे. वायूतील हायड्रोजन सल्फाइड लोखंडाच्या चुऱ्यातून किंवा भुकटीतून गाळून काढावा. नाहीतर तो बाष्पकाला व इंजिनाला खाऊन टाकतो आणि बंद खोलीत माणसाच्या जिवावरही उठतो. रिकाम्या टाकीत हवा न खेळविता कोणीही उतरू नये, हा नियम कारखान्याच्या दारावर लिहून ठेवण्याजोगा आहे.

पनीर करणाऱ्या दूधशाळेत आणखी एक दाट प्रवाह निघतो, तो म्हणजे पनीर गाळल्यावर उरणारे हिरवट पाणी. दूधशाळेच्या साधारण सांडपाण्यापेक्षा त्यातील घाणीचे प्रमाण वीस-तीस पटींनी अधिक असते आणि त्यापासून वायूही तितकाच भरघोस मिळतो. परंतु त्यात उत्तम प्रथिने व दुग्धशर्करा असतात. ते पेय म्हणून, पशुखाद्य म्हणून किंवा भुकटी करून वापरता येत असेल, तर आधी तसे करावे. जे खाता येते ते जाळू नये; सांडपाण्याचा वायू करणे हा शेवटचा उपाय आहे. त्याचप्रमाणे, वायू अधिक मिळावा म्हणून दूध अधिक सांडणे परवडणारे नाही. दूध वाचविणाऱ्या दूधशाळेला वायू कमीच मिळेल आणि ते तिच्या हिताचेच होईल.

शेवटचे पाणी

टाकीतून बाहेर पडणारे पाणी अजून स्वच्छ झालेले नसते. आपल्या उदाहरणात त्यात पाचवा हिस्सा घाण उरली आहे. भारतीय नियमांप्रमाणे दूधशाळेच्या सोडलेल्या पाण्याची जैव ऑक्सिजन मागणी लीटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते आणि पाणी पिण्याच्या स्रोतात जात असल्यास ती ३० पर्यंत उतरविण्याची सक्ती करता येते. म्हणून वायूच्या टाकीनंतर हवा खेळविणारी एक लहान टाकी लागतेच. त्यानंतर उरलेले नत्र व स्फुरद पिकांना उपयोगी पडतात. ज्या चोमध्ये वर्षाचे आठ महिने स्वतःचे पाणी नसते, तेथे शुद्ध केलेले पाणी शेताला देणे हे नदीत सोडण्यापेक्षा हितावह असते.

दुधाच्या धंद्याची घाण केवळ कारखान्यातूनच येते असेही नाही. लुधियानाच्या हैबोवाल भागात म्हशींचे मोठे गोठे आहेत. तेथील शेण व धुवण बुड्ढा नाल्याला आणि त्याच्याद्वारे सतलज नदीला जात असे. त्या शेणावर चालणारा एक मेगावॉट क्षमतेचा वीजसंच पंजाबच्या ऊर्जा विकास संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात उभारला. या संस्थेचे कार्यालय चंदीगडमध्ये आहे. तरीही बुड्ढा नाल्याचा प्रश्न सुटलेला नाही. एक संच उभा राहिला म्हणजे नदी निर्मळ झाली, असे होत नाही. प्रत्येक गोठ्याचे व प्रत्येक कारखान्याचे पाणी त्या संचापर्यंत पोहोचले पाहिजे आणि संच वर्षाचे बारा महिने चालला पाहिजे.

वायूच्या बाबतीत एक सावधगिरी अखेरीस नोंदविली पाहिजे. शंभर वर्षांच्या मापाने पाहता मिथेन हा वजनास वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक तापकारक आहे. गळक्या टाकीतून तो हवेत गेला, तर नदी वाचविताना आपण आकाश बिघडविले असे होईल. म्हणून न वापरलेला वायूसुद्धा जाळून टाकावा. मोकळा सोडू नये.

दूधशाळेच्या सांडपाण्यापासून मिळणारा वायू राष्ट्राची इंधनाची तहान भागविणार नाही. पण तो ज्या दूधशाळेत मिळतो तेथल्या बाष्पकाला काही तासांचे जळण देतो, विजेचा खर्च वाचवितो आणि मुख्य म्हणजे नदीचा श्वास मोकळा ठेवतो. गाई-म्हशींनी उन्हातान्हात गवत चरून दूध केले आणि शेतकऱ्याने पहाटे उठून ते काढले. त्यातले जे सांडते ते ओढ्याचे विष होऊ द्यावयाचे की चुलीचे जळण करावयाचे, हे पुष्कळसे दूधशाळेच्या फरशीवर काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या काळजीवर अवलंबून आहे.